खोली क्रमांक १४, मंगळवार सकाळी साडेसात

माझ्या कपाटात टिपणांच्या अकरा वह्या आठ वर्षं पडून होत्या. पुण्याच्या पेशवे दफ्तरातून, मुंबईच्या पुराभिलेखागारातून आणि पांझरा-मोसमच्या काठच्या गावांतून, म्हाताऱ्या माणसांजवळ बसून उतरवून आणलेल्या. विषय फड पद्धतीचा. आमच्या धुळे-नाशिक भागात नदीवर छोटा बंधारा घालून, पाट काढून, शिवाराचे फड, म्हणजे भाग, पाडून सगळ्यांनी मिळून पाणी वापरायची ही रीत तीनेकशे वर्षांची तरी आहे. पीएचडी झाली आणि प्रबंध ग्रंथालयात गेला. पुस्तक मात्र राहिलं. दर दिवाळीला कपाट आवरताना वह्या काढायच्या, झटकायच्या, परत ठेवायच्या.

तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात मी इतिहास शिकवते. आमच्या दिवसाची कल्पना बाहेरच्या माणसाला येत नाही. लोकांना वाटतं तीन-चार तास शिकवलं की प्राध्यापक मोकळे. नियमाने सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास आणि सहयोगी प्राध्यापकाला १४ तास वर्गावर असतात, आणि एकूण काम ४० तासांचं धरलेलं असतं. मधल्या चोवीस-सव्वीस तासांत काय असतं? प्रवेश समिती, परीक्षा समिती, महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’साठी दरवर्षीचा अहवाल, पेपर तपासणीचं कॅप सेंटर, राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर, निवडणुकीची ड्युटी, शिष्यवृत्तीच्या अर्जांवर सह्या, आणि रोज दुपारी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आजच पाठवा’ म्हणून येणारा एखादा तक्ता. यातलं प्रत्येक काम करायलाच हवं असतं, आणि मी ते मनापासून करत आले. पण या सगळ्याला तारीख असते. पुस्तकाला तारीख नसते, म्हणून ते रोज मागे पडतं.

घरी लिहून पाहिलं. रात्री साडेदहाला ओटा आवरून जेवणाच्या टेबलावर वह्या मांडायच्या. अर्ध्या तासात संदर्भ जुळायला लागायचे, आणि तेवढ्यात धाकट्याला उद्याचा प्रोजेक्ट आठवायचा. सासूबाईंना माझी अडचण कळायची. त्या मुलांना ओरडून आत न्यायच्या, आणि मला जास्तच अपराधी वाटायचं. त्याच टेबलावर सकाळी पोळ्या लाटायच्या असतात, त्यामुळे कागद मांडून ठेवता येत नाहीत. रोज मांडायचे, रोज उचलायचे. ज्यानं कधी दस्तऐवजांवर काम केलंय त्याला कळेल, या उचलाउचलीत किती जातं. कालचा धागा सापडेपर्यंत आजची वेळ संपलेली असते.

२०१७ च्या उन्हाळी सुट्टीत मी सिमल्याला गेले. तिथे व्हाइसरॉयसाठी १८८८ साली बांधून झालेला दगडी वाडा आहे, त्यात १९६५ पासून भारतीय उच्च अध्ययन संस्था आहे. महाविद्यालयीन शिक्षकांना तिथे तीन वर्षं, दरवर्षी एक महिना राहून काम करता येईल अशी सहयोगी अभ्यासकाची योजना होती. मला तिथे एक टेबल मिळालं आणि ते महिनाभर माझंच राहिलं. संध्याकाळी कागद उघडे टाकून जायचं आणि सकाळी येऊन तिथूनच पुढे सुरू करायचं. नोकरीच्या पंधरा वर्षांत ही चैन मला पहिल्यांदा मिळाली. महिन्यात एक प्रकरण पूर्ण झालं, दुसऱ्याची मांडणी झाली. जूनमध्ये परत आले, प्रवेश सुरू झाले, आणि डिसेंबरपर्यंत एक ओळ झाली नाही.

त्या सहा महिन्यांचं मला फार वाईट वाटलं. मला लिहिता येतं हे सिमल्यात कळून चुकलं होतं, त्यामुळे ‘जमत नाही’ असं स्वतःला सांगायची सोयही गेली. मग लिहिण्याबद्दल जे सापडेल ते वाचायला घेतलं. रॉबर्ट बॉइस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने प्राध्यापकांच्या लिहिण्याच्या सवयींवर बरीच वर्षं काम केलंय. त्याचा मुद्दा असा, की मोठ्या मोकळ्या वेळेची वाट पाहणाऱ्यांपेक्षा थोडं पण नेमाने लिहिणाऱ्यांचं काम जास्त होतं. स्कॉटलंडमध्ये रोवेना मरे यांनी प्राध्यापकांना एका खोलीत एकत्र बसवून, ठरलेल्या वेळा पाळून लिहायची पद्धत बसवली. बोलायचं नाही, प्रत्येकाने आपापलं लिहायचं. हे वाचलं आणि मला माझ्याच वह्यांतलं आठवलं.

फडात पाणी कुणी हवं तेव्हा घेत नाही. पाळी ठरलेली असते. शेतकऱ्यानं आपल्या हातानं दारं मोडायचं, म्हणजे पाटाचं पाणी शेतात वळवायचं नाही. पाणी पाटकरी देतो, ते वाटायला नेमलेला माणूस. एका म्हाताऱ्या बाबांनी मला सांगितलं होतं, “ताई, पाळी मागनी पडत नही, म्हनीसन भांडन व्हत नही.” रोज मागायला लागलं तर शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचलंच नसतं. माझं लिहिणं हे त्या शेवटच्या शेतासारखं होतं. मी रोज कुणाकडे तरी वेळ मागत होते. घरी मागत होते, कॉलेजात मागत होते, सगळ्यात जास्त स्वतःकडे मागत होते.

२०१८ च्या दिवाळी सुट्टीत आम्ही चौघांनी मिळून ग्रंथालयामागची खोली साफ केली. खोली क्रमांक १४. जुन्या हजेरीपटांचे गठ्ठे, मोडके बाक, एक फुटका पृथ्वीगोल. दोन रविवार गेले. रसायनशास्त्र विभागाने काढून टाकलेलं प्रयोगशाळेचं लांब टेबल मिळालं, त्यावर आम्लाचे पांढरे डाग आहेत आणि एका कडेला कुणीतरी करकटकानं कोरलेलं ‘बॅच सी’ आहे. खिडकीबाहेर कडुनिंब. प्लग एकच, म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड घरून आणला. वायफाय तिथवर पोचत नाही, आणि ते पोचावं म्हणून आम्ही कधी अर्ज केला नाही.

पहिली बैठक पार फसली. मंगळवारी दुपारी साडेबाराला सहा जण जमलो. सगळ्यांनी लॅपटॉप उघडले आणि तासाभरानं पाहते तर पाच जण अहवालाचे तक्ते भरत होते. मी स्वतः परीक्षेच्या पर्यवेक्षणाची यादी करत होते. शांत खोली, बसायला टेबल, आणि आम्ही तेच काम तिथे आणून बसलो होतो. दुसऱ्या मंगळवारी दुपारी एकला तातडीची बैठक लागली आणि सगळे उठून गेलो.

तेव्हा दोन गोष्टी कळल्या. एक, दुपार आपली नसते. कार्यालय साडेदहाला उघडलं की दिवस कार्यालयाचा होतो. त्याआधी कुणी कुणाला बोलावत नाही. म्हणून वेळ सकाळी साडेसात ते साडेनऊ केली, आणि ज्यांचे पहिले तास त्या वेळेत होते त्यांनी आपसांत अदलाबदल केली. दुसरी, तिथे काय करायचं नाही हे आधी ठरवायला हवं. तक्ते नाहीत, पेपर तपासणं नाही, पीपीटी नाही, ईमेल नाही. ज्याला तेच करायचंय त्याने स्टाफरूममध्ये बसावं, त्यात काही कमीपणा नाही. पण इथे फक्त स्वतःचं लिहिणं.

मोबाइल दारातल्या स्टीलच्या डब्यात. डबा पोह्यांचा, झाकणावर अजून पुसट मार्कर दिसतो. पन्नास मिनिटं लिहायचं, दहा मिनिटं चहा, परत पन्नास मिनिटं. टेबलाच्या टोकाला एक जाड वही ठेवली. तीन रकाने: आज काय लिहिणार, काय झालं, कुठे अडलं. बसताना पहिला रकाना भरायचा, उठताना उरलेले दोन. कुणी कुणाला जाब विचारायचा नाही, पण वही उघडी राहते आणि सगळ्यांना दिसते.

त्या वहीत माझ्या हातची १२ फेब्रुवारी २०१९ ची नोंद आहे. ‘मोसम नदीवरच्या बंधाऱ्यांचा भाग, दोन पानं.’ पुढे: ‘पाऊण पान.’ आणि त्यापुढे: ‘जागल्याचा हक्क कागदात कुठे दिसतो? माणसं सांगतात, दफ्तरात नाही.’ जागल्या म्हणजे फडाच्या पिकाची राखण करणारा. चहाच्या वेळी मराठीच्या सरांनी ती नोंद वाचली आणि म्हणाले, “मॅडम, कागदात नसेल तर ओव्यांत पाहिलंत का?” त्यांनी अहिराणी गाण्यांचा आपला संग्रह दाखवला. माझ्या चौथ्या प्रकरणाची दिशा त्या चहाच्या दहा मिनिटांत बदलली. स्टाफरूममध्ये आम्ही दोघं बारा वर्षं शेजारी बसत होतो आणि एकमेकांचा विषय आम्हाला नीट माहीत नव्हता.

आप्पांबद्दल सांगायलाच हवं. आमचे शिपाई. सूचना वही घेऊन फिरायचं त्यांचं काम. वहीत सूचना वाचून सही करायची, ती पुढच्या विभागात जाते. पहिल्या महिन्यात ते दर मंगळवारी दार वाजवायचे. सही झाल्याशिवाय वही पुढे जात नाही, त्यांचीही अडचण खरी. एकदा ते दारात उभे राहिले, आत पाहिलं, सगळे माना घालून लिहीत होते. काही न बोलता परत गेले. दुसऱ्या मंगळवारी दाराच्या चौकटीला एक खिळा दिसला, त्याला सुतळी, सुतळीला पेन. आप्पा वही तिथे टांगून ठेवायचे आणि साडेनऊला येऊन घेऊन जायचे. आम्ही सांगितलं नव्हतं. पुढे ते सव्वासातलाच येऊन खोली झाडून, खिडकी उघडून ठेवायला लागले.

एप्रिल २०१९ मध्ये एका मंगळवारी आलो तर खोलीला कुलूप. आत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवले होते. कुणाचा वाईट हेतू नव्हता. रिकामी खोली दिसली, सामान ठेवलं. त्यांच्या दृष्टीने ती खोली रिकामीच होती, कारण कुठल्याही कागदावर तिथे काही चालतं असं लिहिलेलं नव्हतं. मला फार राग आला होता. आम्ही तीन मंगळवार व्हरांड्यात, कठड्यावर लॅपटॉप ठेवून लिहिलं. वनस्पतिशास्त्राचे सर सातपुड्यातल्या गवतांवर लिहितात, ते नमुन्यांचे कागद मांडायला जमिनीवर सतरंजी टाकून बसले. जाणारी-येणारी मुलं थांबून बघायची, “सर, काय करताय?” विचारायची. सर म्हणायचे, “लिहितोय.” प्राध्यापक लिहितात हे आमच्या बऱ्याच मुलांनी त्या दिवसांत पहिल्यांदा पाहिलं असेल.

जूनमध्ये मी प्राचार्यांना भेटले. सोबत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीचं एक पान होतं, एका वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारलेली. शिक्षकाला आठवड्याला किमान ६ तास संशोधनासाठी राखावेत अशा अर्थाचं ते वाक्य. ती नियमावली जुनी झाली, २०१८ मध्ये नवी आली, हे मला ठाऊक होतं आणि तसं मी सांगितलंही. पण मुद्दा एवढाच होता, की हे तास देणाऱ्यांनी कधीतरी मान्य केले होते. ते वेळापत्रकात कधी आलेच नाहीत. १६ तासांना रकाने आहेत, वार आहेत, खोल्या आहेत. या ६ तासांना ना वार, ना खोली. “सहा मागत नाही सर,” मी म्हटलं, “दोन द्या. पण वेळापत्रकात लिहून द्या.”

सर बराच वेळ ते पान वाचत होते. मग म्हणाले, “मॅडम, बावीस वर्षं झाली. हे वाक्य मी कधी वाचलं नव्हतं.” त्यांनी वेळापत्रक समितीच्या प्रमुखांना फोन लावला.

जुलैचं वेळापत्रक फलकावर लागलं तेव्हा मी उभी राहून ते दोनदा वाचलं. मंगळवार, ७.३० ते ९.३०, खोली १४, लेखन. इंग्रजी व्याकरण आणि सांख्यिकी यांच्या मधला रकाना. त्या दिवसापासून त्या खोलीत कुणी गठ्ठे ठेवले नाहीत. त्या वेळेला बैठक लावताना लोक आता ‘मंगळवारी सकाळी तुमचा तास आहे ना?’ म्हणून विचारतात. काम तेच, माणसं तीच, टेबलही तेच. कागदावर आल्यामुळे त्याला तासाचा मान मिळाला.

सगळ्यांना ती वेळ जमली नाही, हेही लिहिलं पाहिजे. सकाळी साडेसात म्हणजे घरातले डबे भरून, मुलांच्या बसची वेळ सांभाळून यायचं. माझी मुलं तोवर मोठी झाली होती. अर्थशास्त्राच्या मॅडमचं बाळ दीड वर्षाचं होतं, त्या दोनदा आल्या आणि थांबल्या. त्यांच्यासाठी आणि आणखी दोघींसाठी शुक्रवारी साडेबारा ते अडीच अशी दुसरी पाळी काढली. ती दुपारची, म्हणून मोडायची. दहातल्या चार-पाच वेळा तरी मोडायची. अर्थशास्त्राच्या मॅडमनी तरी त्यातच दोन वर्षांत आपला शोधनिबंध पूर्ण केला, आणि त्याला माझ्यापेक्षा जास्त चिकाटी लागली.

सीएचबीवरच्या सहकाऱ्यांचं दुःख वेगळं आहे. तासिका तत्त्वावर नेमलेल्या शिक्षकाला वर्गावर घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात. बाकी वेळ त्याचा कुणी मोजतच नाही. आमच्या मराठी विभागातल्या एक मॅडम सकाळी आमच्याकडे, दुपारी दुसऱ्या गावच्या कॉलेजात एसटीने जायच्या. त्यांच्या पीएचडीची मुदत संपत आली होती. त्यांनी मला विचारलं, “मी बसले तर चालेल ना? मी कायम नाही.” तो प्रश्न मी विसरलेले नाही. त्या दर मंगळवारी आल्या. घरात दोन खोल्या आणि सहा माणसं, म्हणून आपली पुस्तकं त्यांनी १४ नंबरच्या कपाटात आणून ठेवली. एक आख्खा कप्पा त्यांचा झाला. प्रबंध सादर करून त्या पेढे घेऊन आल्या तेव्हा पहिला पेढा त्यांनी आप्पांना दिला. त्यांच्या त्या दोन तासांचे पैसे मात्र त्यांना कधीच मिळाले नाहीत, आणि वेळापत्रकातला रकाना सगळ्यांना सारखा लागू नाही, ही गोष्ट मला आजही टोचते.

पहिल्या वर्षाअखेरीस विचारणा झाली, किती पेपर प्रसिद्ध झाले? उत्तर होतं, एकही नाही. ते दिवस कठीण गेले. पदोन्नतीला गुण लागतात, गुणांना पेपर लागतात, आणि पैसे भरले की पंधरा दिवसांत छापून देणारी नियतकालिकं सगळ्यांना माहीत आहेत. तशांना आवर घालायला आयोगाने २०१९ मध्ये मान्य नियतकालिकांची केअर यादी आणली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती बंदही केली. आम्ही खोलीत बसून ठरवलं होतं, की इथे लिहिलेलं तशा ठिकाणी द्यायचं नाही. भौतिकशास्त्राच्या तरुण सरांना पदोन्नतीची घाई होती, घरून दबाव होता, तरी त्यांनी ते पाळलं. दोन वर्षं थांबून त्यांचा पेपर चांगल्या नियतकालिकात आला. मुखपृष्ठाची प्रत अजून खोलीच्या भिंतीवर आहे.

मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं. आम्ही मंगळवार सोडला नाही. सकाळी सहाला गूगल मीट लावायचं, कॅमेरा चालू, आवाज बंद. लहानशा चौकटींत खाली वाकलेली डोकी. दुसऱ्या लाटेत वनस्पतिशास्त्राच्या सरांचे वडील गेले. तेराव्यानंतरच्या मंगळवारी त्यांनी कॅमेरा लावला आणि दोन तास नुसते बसून राहिले. कुणी काही बोललं नाही. बंद करताना त्यांनी हात जोडले. ती वही त्या काळात कॉलेजात अडकली होती. मी माझ्या घरच्या वहीत सगळ्यांच्या नोंदी फोनवर विचारून लिहून ठेवल्या, त्या नंतर मूळ वहीत चिकटवल्या.

माझं पुस्तक २०२३ च्या पावसाळ्यात लिहून झालं. सात प्रकरणं. जागल्यांचं प्रकरण सगळ्यात लांब झालं आणि त्यात मराठीच्या सरांच्या संग्रहातल्या चार ओव्या आहेत. शेवटचा परिच्छेद मी मुद्दाम घरी लिहिला नाही. शनिवारी रात्री तो डोक्यात तयार होता, तरी मंगळवारपर्यंत थांबले. खोलीत लिहिला, वहीत तिसऱ्या रकान्यात ‘काही अडलं नाही’ असं लिहिलं आणि चहा प्यायले.

२०२४ च्या जूनपासून नवं शैक्षणिक धोरण आमच्यासारख्या संलग्न महाविद्यालयांत लागू झालं. विषयांची जुळवाजुळव बदलली, वेळापत्रक मुळापासून नव्यानं मांडावं लागलं, खोल्या कमी पडायला लागल्या. शुक्रवारची पाळी त्यात गेली. मंगळवारचीही जाणार होती. समितीच्या बैठकीत मी नव्हते. अर्थशास्त्राच्या मॅडम होत्या. त्यांचं बाळ आता शाळेत जातं. त्यांनी सांगितलं, की मंगळवारचा हा रकाना आधी भरा आणि बाकीचं त्याच्या भोवती बसवा. बराच वाद झाला म्हणे. रकाना राहिला, शुक्रवारचा अर्ज यंदा पुन्हा दिला आहे.

आप्पा मे महिन्यात निवृत्त झाले. निरोपसमारंभाच्या आदल्या दिवशी त्यांनी १४ नंबरची किल्ली माझ्या हातात दिली. मी म्हटलं, “आप्पा, कार्यालयात जमा करा ना.” ते म्हणाले, “कार्यालय साडेदहाला उघडतं, मॅडम.” किल्ली आता ग्रंथालयातल्या ताईंकडे असते. त्या सव्वासातला येतात, खिडकी उघडतात, आणि गेल्या महिन्यापासून त्यांनीही वहीत नाव घातलं आहे. पहिल्या रकान्यात त्यांनी लिहिलंय: ‘गावातल्या जुन्या वाचनालयाचा इतिहास, एक पान.’